पुण्यात नोकरी शोधताना लिंक्डइनचा उपयोग कसा करावा

पुण्यात नोकरी शोधणाऱ्यांपैकी पुष्कळ जण लिंक्डइनकडे वळतात ते नोकरी गेल्यावर, प्रकल्प संपून बेंचवर, म्हणजे कंपनीत कामाविना, बसण्याची वेळ आल्यावर किंवा पदवीचे शेवटचे सत्र संपत आल्यावर. मग घाईघाईने प्रोफाइल भरले जाते, दिसेल त्या जाहिरातीवर ‘ईझी अप्लाय’चे बटण दाबले जाते आणि पुढचे कित्येक आठवडे उत्तराची वाट पाहण्यात जातात. हिंजवडीतील किंवा खराडीतील एखाद्या बऱ्या जागेसाठी असे अर्ज इतक्या मोठ्या संख्येने येतात की त्यांतील अनेक उघडलेही जात नाहीत, आणि उमेदवाराला मात्र आपल्यातच काही उणे असल्यासारखे वाटू लागते. वास्तविक अर्ज करणे हा या माध्यमाचा सर्वांत दुबळा उपयोग आहे. आपल्या क्षेत्रातील, आपल्या शहरातील आणि आपल्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या माणसांपर्यंत थेट पोहोचता येणे ही त्याची खरी सोय आहे, आणि ती नीट वापरायला शिकण्यासाठी हा लेख आहे.

नोकरी डॉट कॉम १९९७ पासून चालू आहे, तर लिंक्डइन मे २००३ मध्ये सुरू झाले आणि २०१६ साली मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. भारतात भरती करणारे लोक दोन्ही वापरतात. पण पहिल्या ठिकाणी तुमचा सीव्ही शोधला जातो, तर दुसऱ्या ठिकाणी तुम्हालाही समोरच्या माणसांचा शोध घेता येतो. म्हणून एक सोडून दुसरे धरण्याचे कारण नाही. नोकरी डॉट कॉमवरील सीव्ही अद्ययावत ठेवावा, तिथे अधूनमधून लॉग इन करत राहावे, कारण अलीकडे सक्रिय असलेल्या उमेदवारांना शोधात प्राधान्य मिळते, आणि उरलेला वेळ माणसांसाठी द्यावा.

कोणाच्या ओळखीचा उपयोग होतो

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली असे मांडले की नव्या संधींची माहिती आपल्याला जिवलग मित्रांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते. कारण सरळ आहे. जिवलग मित्रांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते; जुजबी ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो, वेगळ्या गोष्टी ऐकतो. पुढे २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या म्हणण्याला दुजोरा मिळाला, पण त्याला दोन बारीक दुरुस्त्याही जोडल्या गेल्या. अगदी परक्या माणसापेक्षा काही सामाईक परिचित असलेला, म्हणजे मध्यम अंतरावरचा माणूस नोकरी बदलताना जास्त उपयोगी पडतो, ही पहिली दुरुस्ती. दुसरी अशी की ज्या उद्योगांचे कामकाज मोठ्या प्रमाणावर डिजिटल झाले आहे तिथे दूरच्या ओळखी कामी येतात, आणि जिथे ते तसे झालेले नाही तिथे जवळच्या ओळखींचे वजन अधिक असते.

तो अभ्यास पुण्यावर बेतलेला नाही, पण पुण्याला लावून पाहण्यासारखा निश्चित आहे, कारण हे दोन्ही प्रकारचे उद्योग या एकाच शहराच्या अंगाखांद्यावर वाढले आहेत. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, बाणेर येथील सॉफ्टवेअर कंपन्यांत संघ वरचेवर बदलतात, माणसे दोन-तीन वर्षांत दुसरीकडे जातात, आणि त्यामुळे महाविद्यालयातील दोन वर्षे पुढच्या वर्गात असलेल्या, ज्याच्याशी कधी फारसे बोलणेही झाले नव्हते, अशा विद्यार्थ्याचा एक संदेश मुलाखतीपर्यंत नेऊ शकतो. चाकण, भोसरी, रांजणगाव, तळेगाव या पट्ट्यात मात्र उत्पादन किंवा देखभाल विभागाचा प्रमुख नवा माणूस घेताना पूर्वी एकत्र काम केलेल्या माणसाचा शब्द अजूनही प्रमाण मानतो. म्हणून कारखान्यात काम करणाऱ्याने लिंक्डइनवर अनोळखी माणसांच्या मागे लागण्याआधी जुनी माणसे शोधून काढावीत: अप्रेंटिस असताना शिकवणारे सुपरवायझर, माल पुरवणाऱ्या कंपनीचे अभियंते, ग्राहक कंपनीकडून ऑडिटला येणारे अधिकारी. यांतील बहुतेक जण आज दुसऱ्याच कंपनीत, वरच्या पदावर असतात, आणि त्यांनी तुमचे काम डोळ्यांनी पाहिलेले असते.

ओळखीतून नोकरी शोधणे म्हणजे वशिला लावणे, असे वाटून अनेक गुणी मुले-मुली मागे राहतात. ही भीड सोडायला हवी. रेफरलमुळे, म्हणजे कंपनीतील कर्मचाऱ्याने तुमचे नाव सुचवल्यामुळे, एवढेच होते की तुमचा सीव्ही ढिगाऱ्यातून बाहेर येऊन माणसाच्या नजरेखालून जातो; चाचणी, तांत्रिक फेरी, एचआर फेरी यांतून प्रत्येकाला जावेच लागते. अनेक कंपन्या तर योग्य माणूस सुचवणाऱ्या कर्मचाऱ्याला स्वतःहून बक्षीस देतात, कारण त्यांचीही शोधाशोध त्यामुळे वाचते.

प्रोफाइल कसे भरावे

प्रोफाइल भरण्यापूर्वी भरती करणाऱ्याला ते कसे दिसते हे समजून घ्यावे. त्याच्याकडे लिंक्डइनची वेगळी सशुल्क सोय असते. तिथे तो पदनाम, कौशल्ये, ठिकाण आणि अनुभवाची वर्षे भरतो आणि समोर आलेल्या यादीतून वरवर नजर टाकत जातो. तुमचे काम कितीही चांगले असले तरी त्याने शोधलेले शब्द तुमच्या प्रोफाइलवर नसतील, तर तुम्ही त्या यादीत येत नाही.

ठिकाणापासूनच सुरुवात करा. सोलापूर, लातूर, सातारा किंवा जळगावहून पुण्यात येऊन राहिलेल्या कित्येकांच्या प्रोफाइलवर जुन्या गावाचेच नाव राहून गेलेले असते, आणि मग पुण्यापुरता शोध घेणाऱ्याला ते दिसतच नाहीत. जो अजून गावी आहे पण पुण्यात यायची तयारी ठेवून आहे, त्याने नोकरीच्या पसंतीच्या ठिकाणांत पुणे व पिंपरी-चिंचवड हा भाग जरूर नोंदवावा.

त्यानंतर नावाखालची ओळ, म्हणजे हेडलाइन. तिला २२० अक्षरांची मर्यादा आहे आणि मोबाइलवर तर तिचा सुरुवातीचा भागच दिसतो, म्हणून महत्त्वाचे ते आधी यायला हवे. समजा, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या चाकणच्या एका कारखान्यात चार वर्षे काम केलेला गुणवत्ता अभियंता आहे. त्याची हेडलाइन बहुधा अशी असते: ‘असिस्टंट मॅनेजर, ग्रेड ई-२, मेहनती आणि ध्येयवादी, नव्या संधींच्या शोधात’. यातील ग्रेड त्याच्या कंपनीबाहेर कोणालाही कळत नाही, मेहनती हा शब्द शोधात कोणी टाकत नाही, आणि तो नेमके काय करतो ते शेवटपर्यंत समजत नाही. तीच ओळ अशी लिहिता येते: ‘क्वालिटी इंजिनिअर, मशिनिंग केलेले वाहनांचे सुटे भाग, पीपीएपी, एसपीसी, सीएमएम तपासणी, चाकण, पुणे’. पीपीएपी ही सुट्या भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याची पद्धत, एसपीसी म्हणजे आकडेवारीवरून उत्पादनावर ठेवलेले नियंत्रण आणि सीएमएम हे मोजमापाचे यंत्र; नवा माणूस शोधताना गुणवत्ता विभागाचा प्रमुख हेच शब्द वापरतो. येथे वाचण्याच्या सोयीसाठी ही ओळ देवनागरीत दिली आहे. लिंक्डइनचे पडदे मराठीत करून घेता येत असले तरी प्रोफाइलचा मजकूर इंग्रजीत असावा, कारण भरतीसाठीचा शोध इंग्रजीतच घेतला जातो.

‘अबाउट’ या भागात २६०० अक्षरे मावतात, पण पुढे वाचण्यासाठी टिचकी मारण्याआधी पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात. बालपणापासूनच्या आवडीने सुरुवात करून त्या वाया घालवू नयेत. काय करता, कशावर करता आणि त्याने काय बदलले, हे आधी सांगावे. आकडे द्यावेत, पण खरे आणि देण्याजोगे. ग्राहकाच्या तक्रारींची संख्या, उत्पादनाचा खर्च, ग्राहक कंपनीचे नाव ही कंपनीची खासगी माहिती असते. सॉफ्टवेअर सेवा क्षेत्रातील माणसाने अशा वेळी ‘युरोपातील एका बँकेसाठी’ एवढे लिहिले तरी अनुभवाचे स्वरूप समजते. आपला वरिष्ठ हे वाचील तेव्हा त्याला वावगे वाटेल का, एवढा प्रश्न प्रत्येक ओळीला विचारला की पुरते.

फोटो अलीकडचा, चेहरा स्पष्ट दिसणारा आणि साध्या पार्श्वभूमीवरचा असावा. लग्नसमारंभातील फोटो कातरून लावू नये. प्रोफाइलच्या दुव्यातील आकड्यांची शेपटी काढून तो आपल्या नावाचा करून घेता येतो, तेवढे करून तो सीव्हीवर द्यावा. मुलांच्या संगोपनासाठी, आजारपणामुळे किंवा घरच्या वडीलधाऱ्यांच्या देखभालीसाठी काही वर्षे थांबलेल्यांनी ती वर्षे झाकू नयेत. २०२२ पासून लिंक्डइनवर कारकिर्दीतील खंड नोंदवण्याची स्वतंत्र सोय आहे, आणि त्या काळात केलेला अभ्यासक्रम किंवा छोटे काम त्याखाली लिहिता येते. रिकामी सोडलेली तीन वर्षे वाचणाऱ्याच्या मनात जेवढ्या शंका उभ्या करतात तेवढ्या एका प्रामाणिक ओळीने उभ्या राहत नाहीत.

जे सध्या नोकरीत आहेत त्यांनी दोन गोष्टींची काळजी घ्यावी. प्रोफाइलमध्ये मोठे बदल करण्यापूर्वी ते संपर्कातील लोकांना कळवण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी, अन्यथा एका संध्याकाळी केलेल्या बदलांचा गवगवा दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच विभागात होतो. दुसरे म्हणजे, ‘ओपन टू वर्क’ची खूण दोन प्रकारे लावता येते: सर्वांना दिसेल अशी, फोटोभोवती हिरव्या कडीसह, किंवा केवळ भरती करणाऱ्यांना दिसेल अशी. दुसऱ्या प्रकारात तुमच्याच कंपनीतील भरती करणाऱ्यांपासून ती लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करते, मात्र पूर्ण गुप्ततेची हमी देत नाही. नोकरी सुटलेली असेल तर हिरवी कडी लावण्यात कमीपणा मानू नये. त्यामुळे जुन्या सहकाऱ्यांना तुमची गरज न सांगता कळते.

माणसे शोधणे आणि त्यांना लिहिणे

सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरली जाणारी सोय म्हणजे महाविद्यालयाच्या पानावरील माजी विद्यार्थ्यांचा विभाग. सीओईपी असो, फर्ग्युसन असो, गरवारे वाणिज्य महाविद्यालय असो वा एखाद्या तालुक्याच्या गावचे अभियांत्रिकी महाविद्यालय, त्याचे पान उघडून ‘अॅल्युमनाय’वर गेले की तेथील माजी विद्यार्थी कोठे राहतात, कोणत्या कंपनीत आहेत आणि कोणते काम करतात यानुसार गाळून पाहता येतात. पुणे निवडा, हवी ती कंपनी निवडा, आणि त्या कंपनीत आपल्याच महाविद्यालयातील कोण आहे ते क्षणात समोर येते. संशोधनात ज्याला मध्यम अंतरावरचा माणूस म्हटले तो हाच. ज्यांचे महाविद्यालय फारसे नावाजलेले नाही त्यांनी येथे मुळीच मागे राहू नये, कारण अशा संस्थांतून पुढे गेलेल्या माणसांना आपल्या संस्थेतील मुलांबद्दल विशेष आपुलकी असते आणि त्यांच्याकडे विचारणा करणारेही थोडेच असतात.

अशी पंचवीस-तीस नावे एका तक्त्यात लिहून काढावीत: नाव, कंपनी, ओळखीचा धागा, केव्हा लिहिले, काय उत्तर आले. मग एकेकाला निमंत्रण पाठवावे. विनामूल्य खात्यातून महिन्याला मोजक्याच निमंत्रणांसोबत टिपण जोडता येते आणि टिपणालाही दोन-तीन वाक्यांहून जास्त जागा मिळत नाही, म्हणून ती टिपणे ज्यांच्याशी खरोखर बोलायचे आहे त्यांच्यासाठी राखून ठेवावीत. ‘सर, काही व्हेकन्सी आहे का?’ हा संदेश वरिष्ठ पदावरील माणसाला रोज येतो आणि त्याला उत्तर देता येण्यासारखे काही त्यात नसते. त्याला तुम्ही कोण, काय येते, काय हवे हे काहीच ठाऊक नसते. आपल्या गुणवत्ता अभियंत्याला विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या कामाकडे वळायचे आहे असे धरू. तो असे लिहू शकतो:

‘नमस्कार मॅडम. मी आपल्याच महाविद्यालयाचा २०२१चा मेकॅनिकल पदवीधर, चाकणला गुणवत्ता विभागात आहे. आपण बॅटरी पॅकच्या तपासणीचे काम पाहता हे वाचले. मला त्याच कामाकडे वळायचे आहे.’

निमंत्रण स्वीकारले गेले की दुसरा संदेश, ज्यासाठी आता शब्दांची तेवढी अडचण नसते:

‘निमंत्रण स्वीकारल्याबद्दल आभारी आहे, मॅडम. सुट्या भागांच्या तपासणीतून बॅटरी पॅककडे येणाऱ्याला नव्याने काय शिकावे लागते, आणि माझ्यासारख्याने आधी कशावर मेहनत घ्यावी, एवढे विचारायचे होते. सवडीने दोन ओळींत कळवले तरी चालेल. पंधरा मिनिटे फोनवर बोलणे शक्य असल्यास आपण सांगाल त्या वेळी मी फोन करेन.’

या दोन्हींत नोकरी कोठेही मागितलेली नाही. प्रश्न असा आहे की ज्याचे उत्तर त्या बाईंना आपल्या अनुभवावरून, कोणालाही न विचारता देता येईल, आणि वेळही मोजून मागितला आहे. माहिती द्यायला माणसे सहसा नाही म्हणत नाहीत. नोकरी देणे मात्र बहुतेकांच्या हातात नसते, आणि हातात नसलेली गोष्ट मागितली की ती माणसे गप्प बसतात. ज्याला आपण माहिती दिली त्याचे पुढे काय झाले याची उत्सुकता मात्र सांगणाऱ्यालाही राहते, आणि जागा निघाली की त्याला तुमचे नाव आठवते.

संबोधनाबद्दलही थोडे सांगायला हवे. वयाने वा पदाने मोठ्या व्यक्तीला सर किंवा मॅडम म्हणावे. पुण्यातील बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्यांत वरिष्ठांनाही पहिल्या नावाने हाक मारण्याची रीत आहे, पण त्यांनी सुचवल्याशिवाय बाहेरच्याने तसे करू नये. महाविद्यालयात ज्यांना दादा किंवा ताई म्हणत होतो त्यांना तसेच लिहिण्यात काही गैर नाही. केवळ आडनावावरून समोरची व्यक्ती मराठी वाचत असेल असे गृहीत धरू नये. खात्री नसेल तर पहिला संदेश साध्या इंग्रजीत लिहावा.

उत्तर आले नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा नम्रपणे आठवण करावी आणि तिथेच थांबावे. बोलण्याचा योग आला तर तीन-चार प्रश्न कागदावर लिहून ठेवावेत: त्यांचा संघ नेमके काय करतो, नवा माणूस घेताना काय पाहिले जाते, माझ्या प्रोफाइलमध्ये काय उणे दिसते. शेवटचा प्रश्न मात्र न चुकता विचारावा: ‘या विषयावर मी आणखी कोणाशी बोलावे असे आपल्याला वाटते?’ या एका प्रश्नातून पुढची दोन-तीन नावे मिळतात, आणि तीही ‘मॅडमनी आपले नाव सुचवले’ असे सांगून लिहिता येतील अशी. त्याच दिवशी आभाराचा संदेश पाठवावा, आणि महिन्याभराने त्यांच्या सल्ल्यानुसार काय केले ते कळवावे. दुसरी गोष्ट फार थोडे उमेदवार करतात, आणि तीच सल्ला देणाऱ्याच्या मनात घर करते.

रेफरल मागण्याची वेळ आणि रीत

ओळख झाल्यानंतर, त्या कंपनीत तुम्हाला साजेशी जागा निघालेली दिसली की रेफरल मागण्यात कसलाही संकोच बाळगू नये. पण क्रम महत्त्वाचा आहे. अनेक कंपन्यांत, उमेदवाराने गेल्या काही महिन्यांत स्वतः अर्ज केलेला असेल किंवा एखाद्या कन्सल्टन्सीने, म्हणजे कंपन्यांना उमेदवार पुरवणाऱ्या संस्थेने, त्याचा सीव्ही आधीच पाठवलेला असेल, तर कर्मचाऱ्याने दिलेला रेफरल प्रणाली स्वीकारत नाही. म्हणून ज्या कंपनीत ओळखीचा माणूस आहे तिथे आधी त्याला विचारावे आणि मगच अर्ज करावा. तसेच आपला सीव्ही कोठे पाठवला जातो आहे हे कन्सल्टन्सीला विचारल्याशिवाय राहू नये.

रेफरल देणाऱ्याला आपल्यासाठी खटपट करावी लागू नये. जागेचा क्रमांक व दुवा, पीडीएफ स्वरूपातील सीव्ही, ईमेल, फोन, एकूण अनुभव, सध्याचा आणि अपेक्षित पगार, नोटीस पिरियड (राजीनाम्यानंतर जुन्या कंपनीत काम करावे लागणारे दिवस), आणि तुम्ही त्या जागेसाठी का योग्य आहात हे सांगणाऱ्या तीन ओळी, एवढे सगळे एकाच संदेशात द्यावे. नोटीस पिरियड खरा सांगावा. नव्वद दिवसांचा असताना तीस सांगितला तर ऑफरच्या वेळी ते उघडे पडते आणि ज्याने शब्द टाकला त्याला खाली पाहावे लागते.

जाहिराती शोधण्याबाबत फार लिहिण्यासारखे नाही. हव्या त्या पदनामांसाठी ‘जॉब अलर्ट’ लावून ठेवावेत, गेल्या चोवीस तासांतील जाहिराती आधी पाहाव्यात, आणि जाहिरातीखाली भरती करणाऱ्या व्यक्तीचे नाव दिलेले असेल तर अर्जासोबत तिला दोन ओळींचा संदेश पाठवावा. एकाच कामाची पदनामे कंपनीगणिक बदलतात, म्हणून अवतरणचिन्हांत नेमके पदनाम टाकून आणि दोन पदनामांच्या मध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘ऑर’ लिहून शोध घेतला तर हाती अधिक लागते. पदविकाधारकांनी आणि नुकतेच पदवीधर झालेल्यांनी केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर आणि २०१५ साली सुरू झालेल्या नॅशनल करिअर सर्व्हिस या केंद्राच्याच रोजगार पोर्टलवरही नोंदणी करून ठेवावी.

लोकांच्या नजरेत राहणे

नोकरीची गरज नसतानाच्या काळात केलेले थोडेसे काम गरजेच्या वेळी फार उपयोगी पडते. महिन्यातून एक-दोनदा आपल्या कामातील एखादी शिकण्याजोगी गोष्ट लिहावी. मोजमापाच्या यंत्राच्या दोन पाळ्यांमधील वाचनांत फरक का पडत होता आणि त्याचे कारण कसे सापडले, यावरचे दहा ओळींचे टिपण त्याच क्षेत्रातील माणूस शेवटपर्यंत वाचतो. प्रेरणादायी सुविचारांचे तसे होत नाही. लिहिणे जमत नसेल तर आपल्या क्षेत्रातील जाणकारांच्या लेखनावर विचारपूर्वक दोन ओळींचा अभिप्राय द्यावा. ‘अभिनंदन’ आणि ‘छान’ यांनी कोणाच्या लक्षात राहता येत नाही, नेमक्या प्रश्नाने राहता येते. कारखान्यातील यंत्रांचे फोटो, ड्रॉइंग, ग्राहकाचे नाव किंवा संगणकाच्या पडद्याचा फोटो यांपैकी काहीही टाकू नये. यावरून नोकरी जाऊ शकते.

प्रत्यक्ष भेटींना पर्याय नाही. सेनापती बापट रस्त्यावर कार्यालय असलेल्या, १९३४ साली स्थापन झालेल्या मराठा चेंबर या उद्योग-व्यापार संघटनेचे उद्योगविषयक कार्यक्रम, चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमधील औद्योगिक प्रदर्शने, बाणेर-खराडीकडे शनिवारी सकाळी भरणाऱ्या तंत्रज्ञांच्या बैठका, अशा ठिकाणी जावे. लिंक्डइनच्या मोबाइल अॅपमध्ये आपला स्वतःचा क्यूआर कोड असतो, तो दाखवून तिथल्या तिथे संपर्क जोडता येतो. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी, काय बोलणे झाले होते त्याचा उल्लेख करून एक ओळ पाठवावी, नाहीतर आठवड्याभरात दोघांनाही एकमेकांचा चेहरा आठवत नाही.

नोकरी सोडताना वरिष्ठांकडून किंवा ग्राहकाकडून लिंक्डइनवर शिफारसपत्र लिहून घ्यावे. वर्षभराने मागितले तर त्यांनाही काय लिहावे ते सुचत नाही.

फसवणुकीपासून सावध

पुण्यात बाहेरगावाहून नोकरीसाठी येणाऱ्या तरुणांची फसवणूक सातत्याने होते, आणि ज्यांच्या घरी कर्ज काढून शिक्षण झाले आहे त्यांच्यावर तिचा घाव सर्वांत खोल बसतो. म्हणून हे स्पष्ट सांगतो: नोकरी देण्यासाठी चांगली कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. नोंदणी शुल्क, लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षणाचा खर्च, पडताळणीची फी, कोणत्याही नावाने पैसे मागितले की बोलणे तिथेच थांबवावे. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या ताब्यात देऊ नयेत. ओटीपी सांगू नये. मुलाखतीविना ऑफर आली, पत्रव्यवहार कंपनीच्या ऐवजी फुकटच्या ईमेल पत्त्यावरून होऊ लागला, किंवा बोलणे टेलिग्रामवर नेऊन व्हिडिओला लाइक करण्याची ‘टास्क’ दिली गेली, तर ती नोकरी नाही. संशय आला तर ती जागा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे का ते पाहावे आणि संपर्क करणाऱ्याच्या प्रोफाइलवर पडताळणीची खूण आहे का तेही पाहावे. खूण असली तरी पैशाच्या मागणीला नकारच द्यावा.

कंपनीत ‘बॅकडोअर’ने, म्हणजे निवडीच्या फेऱ्या टाळून, प्रवेश मिळवून देतो आणि सोबत दोन वर्षांच्या अनुभवाचे पत्रही देतो, असे सांगणाऱ्यांच्या नादी तर अजिबात लागू नये. पार्श्वभूमी पडताळणीच्या वेळी भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी तपासल्या जातात, तिथे नसलेला अनुभव लगेच उघडा पडतो, आणि मिळालेली नोकरी तर जातेच, शिवाय खोटी कागदपत्रे दिल्याचा ठपका पुढेही मागे लागतो. पैसे गेले असतील तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा आणि सायबर गुन्ह्यांच्या केंद्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

ऑफर हाती आल्यावर

नव्या नोकरीची घोषणा रुजू झाल्यानंतरच करावी. नोटीस पिरियडच्या तीन महिन्यांत दोन्ही बाजूंनी पुष्कळ काही बदलू शकते. ऑफर लेटरचा किंवा ओळखपत्राचा फोटो टाकू नये, त्यावरील तपशील फसवणूक करणाऱ्यांच्या उपयोगी पडतो. ज्यांनी सल्ला दिला, ज्यांनी रेफरल दिला, ज्यांच्याकडे जमले नाही पण ज्यांनी वेळ दिला, त्या सर्वांना जाहीर घोषणेच्या आधी स्वतंत्रपणे कळवावे, शक्य असेल त्यांना फोनवर. ज्या भरती करणाऱ्यांशी बोलणी चालू होती त्यांना आपण आता उपलब्ध नसल्याचे सांगून ‘ओपन टू वर्क’ची खूण काढावी, आणि तो पंचवीस-तीस नावांचा तक्ता जपून ठेवावा, कारण पुढच्या जून महिन्यात आपल्याच महाविद्यालयातील कोणीतरी तुम्हाला लिहील आणि त्याला कोणाचे नाव सुचवायचे ते तुम्हाला त्यातच सापडेल.